तरुणपणी कर्करोग झाला आणि त्यासाठी वेगळा विभाग नसेल तर

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: मी कोल्हापूरचा, वय २६, अविवाहित. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत क्वालिटी विभागात चार वर्षे नोकरी करतो, पगार एकोणीस हजार आहे. गेल्या वर्षी गळ्याला गाठ आली. क्षयरोग समजून काही महिने त्याची औषधे चालली, पण गाठ वाढत गेली, रात्री घामाने अंथरूण भिजू लागले आणि वजन उतरले. अखेर बायोप्सी झाली आणि हॉजकिन लिम्फोमाचे (लसिकाग्रंथींच्या एका कर्करोगाचे) निदान झाले. येथील डॉक्टरांनी एबीव्हीडी ही चार औषधांची केमो सुचवली असून ती दहा-बारा दिवसांत सुरू होईल. इंग्लंडमध्ये नर्स असलेली माझी मावसबहीण सांगते की तिकडे तरुण रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग असतात. डोंबिवलीचे काका मुंबईलाच जा म्हणतात. येथे ओपीडीत मी आजोबा-आजींच्या रांगेत बसतो. एकाने विचारले, "तंबाखू खात हुतास काय रं?" डॉक्टर बाबांशी बोलतात, मी शेजारी बसून ऐकतो. घरच्यांनी बाहेर कोणाला सांगायचे नाही असे ठरवले आहे, त्यामुळे तालमीच्या फुटबॉल संघातल्या मित्रांना गुडघा दुखावल्याचे सांगितले आहे. येथेच उपचार घेतले तर ते दुय्यम दर्जाचे ठरतील का?

उत्तर:

तुमच्या पत्रातली एक बाब हे सदर छापून येईपर्यंत थांबणारी नव्हती, म्हणून ती तुम्हाला मेलने आधीच कळवली. तरी ती येथे पुन्हा लिहितो, कारण तुमच्यासारखे इतर वाचक हे वाचतील तेव्हा त्यांच्याही हातात कदाचित मोजकेच दिवस असतील. केमोची पहिली मात्रा घेण्यापूर्वी शुक्राणू गोठवून ठेवण्याविषयी डॉक्टरांशी बोला. एबीव्हीडीमुळे कायमचे वंध्यत्व येण्याचा धोका तुलनेने कमी असतो हे खरे. पण या औषधांना आजाराने हवा तसा प्रतिसाद दिला नाही किंवा तो उलटला, तर पुढची औषधे आणि मूलपेशी प्रत्यारोपणापूर्वीची जबर केमो जननक्षमतेला बराच मोठा धक्का देतात आणि तेव्हा धावपळ करायला वेळ नसतो. केमो सुरू झाल्यावर घेतलेल्या नमुन्यात जनुकीय दोषांची शक्यता असते, म्हणून हे काम आधीच व्हावे लागते. दोन-तीन दिवसांचा संयम पाळून एक-दोन नमुने द्यायचे, इतकेच त्यात आहे. हॉजकिनच्या काही रुग्णांमध्ये मूळ आजारामुळेच नमुन्याची प्रत उतरलेली असते, पण तेवढ्यावरून प्रयत्न सोडू नये, कारण आजच्या तंत्राला थोडेसे शुक्राणूही पुरतात. बँक निवडताना ती सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) अधिनियम, २०२१ खाली नोंदलेली आहे ना, दरवर्षीचे साठवणशुल्क किती आणि ते थकले तर नमुन्याचे काय होते, हे लेखी विचारून घ्या. सरकारी योजनेतून हा खर्च मिळेल असे मात्र गृहीत धरू नका.

हेच पत्र एखाद्या तरुणीचे असते तर हा परिच्छेद आणखी तातडीने लिहावा लागला असता. बीजांडे किंवा भ्रूण गोठवण्यासाठी साधारण दोन आठवडे इंजेक्शने घ्यावी लागतात. आता ती पाळीच्या कोणत्याही दिवशी सुरू करता येतात, त्यामुळे पूर्वीसारखे महिनाभर थांबावे लागत नाही, तरीही केमोची तारीख ठरवणारे डॉक्टर आणि वंध्यत्वतज्ज्ञ यांचे एकमेकांशी त्याच आठवड्यात बोलणे व्हायला हवे. केमोच्या काळात बीजांडकोशांना विश्रांती देणारी दरमहाची इंजेक्शनेही मिळतात, पण त्यांच्या भरवशावर गोठवण्याचा पर्याय सोडू नये. 'मुलगी अविवाहित आहे, तिच्यापुढे हा विषय कशाला' असे म्हणून घरातली मंडळी आणि कधी डॉक्टरही गप्प राहतात, आणि उपचार संपून चार वर्षांनी लग्न ठरताना तो विषय आपोआप पुढे येतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. तुमच्या बहिणीने सांगितले ते खरे आहे. इंग्लंडमध्ये तरुण रुग्णांसाठीचा पहिला खास विभाग १९९० मध्ये लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात सुरू झाला आणि पुढे देशभर असे विभाग उभे राहिले. अमेरिकेत १५ ते ३९ हा वयोगट स्वतंत्र मानून त्याच्या गरजांचा विचार होतो. मात्र इंग्लंडमधल्या या खास सेवा प्रामुख्याने १६ ते २४ वयासाठी आहेत, म्हणजे तुम्ही मँचेस्टरला राहत असता तरी २६ व्या वर्षी बहुधा प्रौढांच्याच विभागात, तेथल्या आजोबांच्या शेजारी बसला असता. हे तुमची समजूत घालण्यासाठी लिहीत नाही. वेगळी इमारत, रंगीत भिंती आणि गेम खेळायची खोली म्हणजेच तरुणांसाठीची उपचारसेवा, असे चित्र तुमच्या मनात तयार झालेले दिसते, ते थोडे तपासून पाहावे इतकेच सुचवतो.

असे विभाग का निघाले, याचे उत्तर तुमच्या पत्रातच सापडते. विशीतल्या माणसाला कर्करोग असेल असा संशय कोणालाच येत नाही, ना त्याला स्वतःला, ना डॉक्टरला. आपल्याकडे गळ्याच्या गाठीला प्रथम क्षयरोग समजले जाते, ते एका अर्थी स्वाभाविकही आहे, कारण क्षयरोगच जास्त आढळतो; पण औषधांनी गाठ कमी होत नसेल तर बायोप्सी लांबवू नये. निदानानंतरही हा वयोगट दोन दारांच्या मध्ये उभा असतो. बालरुग्णांच्या विभागात आई-वडील, समाजसेवक, शिक्षक अशी सगळी फळी मुलाभोवती असते, आणि प्रौढांच्या विभागात समोरचा माणूस संसार थाटून, नोकरी उरकून, मुलांना मार्गी लावून आलेला आहे असे धरून बोलणे होते. या वयात मात्र शिक्षण संपून फार दिवस झालेले नसतात, नोकरी नवी, लग्न व्हायचे, आरोग्यविमा बहुधा नाही, आणि घरातले स्थान अजून 'पोरगं' असे. त्या आजोबांनी तंबाखूचे विचारले ते दुष्टपणाने नव्हे. त्यांच्या ओळखीच्या कर्करोगात तंबाखूच कारण असते, आणि कोल्हापूर-सांगली भागातल्या तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांकडे पाहिले तर त्यांचा अंदाज चुकीचाही नाही. हॉजकिनचे मात्र तसे नाही. तो विशी-तिशीत विशेष आढळतो आणि तुम्ही काही खाल्ल्या-प्याल्याने झालेला नाही.

तेव्हा अशा विभागांचे खरे काम पाहिले तर ते असे दिसते: जननक्षमता, नोकरी, पैसा, मनाची अवस्था, लैंगिक आयुष्य, आणि उपचार संपल्यावर पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांची देखरेख, हे विषय योग्य वेळी कोणीतरी न विसरता काढते. डॉक्टरांच्या खोलीबाहेर ऐंशी माणसे बसलेली असताना हे विषय डॉक्टर काढतील अशी अपेक्षा व्यवहार्य नाही. एखादी अनुभवी परिचारिका किंवा समाजसेविका यादी हातात घेऊन प्रत्येक तरुण रुग्णापाशी वीस मिनिटे बसली, तर जिल्ह्याच्या ठिकाणीही यातले बरेचसे साधेल, आणि त्यासाठी इमारत लागत नाही. आपल्या रुग्णालयांनी हे का करू नये, हा प्रश्न मी त्यांनाही विचारतो आहे, कारण हे ओझे २६ वर्षांच्या आजारी माणसावर टाकणे न्याय्य नाही. पण तुमची केमो त्या सुधारणेची वाट पाहणार नाही, म्हणून आज ती यादी तुम्हालाच धरावी लागेल, शक्यतो एका विश्वासू माणसाच्या मदतीने.

कोल्हापूर की मुंबई, याविषयी माझे मत स्पष्ट आहे: निदानाची खात्री मुंबईची, औषध कोल्हापूरचे. लिम्फोमाचे उपप्रकार अनेक असतात आणि उपचार त्यावर ठरतात, म्हणून बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि गाठीचा तुकडा ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा ब्लॉक घेऊन टाटा मेमोरिअलसारख्या ठिकाणी तज्ज्ञांकडून एकदा तपासून घेणे शहाणपणाचे आहे. हा ब्लॉक तुमचा आहे, तो मागितला तर मिळतो, आणि तो सांभाळून ठेवायचा असतो. प्रत्यक्ष न जाता मत घ्यायचे असेल तर टाटा मेमोरिअल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड यांच्याशी जोडलेली 'नव्या' ही ऑनलाइन सेवा आहे. २०१२ पासूनच्या या ग्रिडमध्ये देशभरातील तीनशेहून अधिक केंद्रे आहेत आणि शक्य तितक्या ठिकाणी सारख्याच पद्धतीने उपचार व्हावेत हाच तिचा उद्देश आहे.

एबीव्हीडी ही अनेक दशके वापरात असलेली उपचारपद्धती आहे. परळला जी चार औषधे शिरेतून जातात तीच येथेही जातात आणि बहुतेक रुग्ण बरे होतात. ही केमो दर पंधरा दिवसांनी असते आणि उपचार काही महिने चालतात. प्रत्येक वेळी महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करायचा, केमो घ्यायची आणि मळमळत परतायचे, यात शरीराची आणि घरच्यांची होणारी दमछाक काकांनी हिशेबात धरलेली नाही. त्याहून मोठा मुद्दा असा की केमोनंतर पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, तर गोळी घेऊन सकाळची वाट न पाहता तासा-दोन तासांत रुग्णालयात पोहोचून प्रतिजैविक सुरू व्हावे लागते. त्या रात्री तुमचा डॉक्टर अर्ध्या तासाच्या अंतरावर असणे लाखमोलाचे आहे. आपत्कालीन विभागाचा रात्रीचा फोन नंबर पहिल्याच दिवशी विचारून घराच्या दाराला चिकटवा. दोन केमोचक्रांनंतरच्या पेट स्कॅनमध्ये प्रतिसाद अपुरा दिसला किंवा पुढे प्रत्यारोपणाचा विषय निघाला, तर मात्र मुंबई-पुण्याचा विचार न रेंगाळता करावा. त्या वेळी उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवतो: उपचारासाठीच्या रेल्वेप्रवासात कर्करुग्णाला स्लीपर आणि थ्री-टियर एसीचे भाडे पूर्ण माफ असते आणि सोबतच्या व्यक्तीला ७५ टक्के सवलत मिळते, त्याचा फॉर्म रुग्णालयातून भरून घ्यायचा असतो. मुक्कामासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा कर्करुग्णांच्या कुटुंबांना अनेक वर्षे आधार देत आली आहे.

रक्ताचा कर्करोग असलेल्या तरुण वाचकांसाठी येथे एक वेगळी सूचना करायला हवी. तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात तरुण प्रौढांना लहान मुलांसाठीच्या धर्तीवर आखलेली उपचारपद्धती दिली तर निष्पत्ती अधिक चांगली येते, हे आता प्रस्थापित आहे. त्या आजारात 'माझ्यासाठी कोणती पद्धत निवडली आणि का' हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि तेथे केंद्राची निवड तुमच्या आजारातल्यापेक्षा कितीतरी अधिक महत्त्वाची ठरते.

बाबांविषयी तुम्ही लिहिलेल्या ओळींत राग आहे आणि तो मला समजतो. फाइल त्यांच्या मांडीवर, प्रश्न त्यांचे, उत्तरेही त्यांनाच. पण तुमच्या गप्प बसण्यामुळे डॉक्टरांचा तोच समज पक्का होत असेल, हेही पाहा. तुम्ही सज्ञान आहात, तुमच्या आजाराची माहिती तुम्हाला मिळणे हा तुमचा हक्क आहे आणि संमतिपत्रावर सही तुमचीच लागते. पुढच्या भेटीत आत शिरताच, बाबांच्या देखत, "डॉक्टर, शेवटची पाच मिनिटे मला एकट्याला बोलायचे आहे" असे शांतपणे सांगा. त्या पाच मिनिटांत आजाराचा टप्पा, शुक्राणूंचा विषय, केमोच्या काळातील शरीरसंबंध आणि गर्भनिरोधन, दारू-सिगारेट घेत असाल तर तेही, सगळे विचारता येते. बाबांना बाजूला सारू नका. त्यांना एक ठोस काम द्या, कारण हातात काही नसलेला बाप दहा जणांना फोन करून दहा सल्ले गोळा करतो. सरकारी योजनेची आणि ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, कागदपत्रे पूर्णपणे त्यांच्याकडे सोपवा.

त्या कागदपत्रांत तुमच्या पत्राने एक महत्त्वाची गोष्ट नकळत सांगितली आहे. तुमचा पगार एकवीस हजारांच्या आत असल्याने फौंड्रीतून ईएसआयची कपात होत असणार. पगाराची स्लिप काढून पाहा. कपात होत असेल तर उपचार ईएसआयमार्फत, तिच्याशी संलग्न रुग्णालयात होऊ शकतात. शिवाय आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते, आणि त्यानंतर कर्करोगासारख्या दीर्घ आजारांसाठी ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत वाढीव लाभ मिळू शकतो. त्यासाठी दोन वर्षे सलग विमाधारक नोकरी आणि ठरावीक दिवसांचे अंशदान लागते, तुमची चार वर्षे झाली आहेत. अनेक तरुण कामगार आजार कळताच घाबरून राजीनामा देतात आणि हा हक्क हातचा घालवतात. राजीनामा देऊ नका, रजेचा अर्ज वैद्यकीय प्रमाणपत्रासह लेखी द्या आणि त्याची पोच घ्या. ज्यांना ईएसआय नाही त्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेकडे वळावे. जुलै २०२४ पासून ती पांढऱ्या शिधापत्रिकाधारकांसह सर्वांना खुली असून कुटुंबाला वर्षाकाठी पाच लाखांपर्यंतचे संरक्षण देते. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला शिधापत्रिका आणि आधार घेऊन केमोच्या तारखेआधी भेटावे, कारण मंजुरी आधी लागते आणि मागाहून दाखवलेल्या पावत्या कामाला येत नाहीत.

कामावर परतण्याविषयी डॉक्टरांशी स्वतंत्रपणे बोला. तुमच्या औषधांतले ब्लिओमायसिन फुप्फुसांना इजा करू शकते, म्हणून कोरडा खोकला किंवा धाप जाणवली तर दुसऱ्या दिवसावर न ढकलता सांगावे, आणि फौंड्रीतल्या वाळूच्या धुळीत कधी आणि किती जायचे हे त्यांच्या सल्ल्यानेच ठरवावे. फुटबॉलचेही तसेच. चालणे, हलका व्यायाम उपचारांतही चालतो, शाहू स्टेडियमवर उतरणे मात्र रक्ताचे रिपोर्ट आणि हृदय-फुप्फुसांची तपासणी पाहून. खाण्यावरून घरी वाद चालला असेल तर माझा कौल असा: तांबडा-पांढरा घरी शिजवलेला आणि गरम असेल तर मळमळ नसताना खुशाल घ्या, रस्त्यावरची कापलेली फळे आणि कच्ची कोशिंबीर काही महिने बाजूला ठेवा, आणि कोणी आणून दिलेला काढा डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका.

उपचार संपतील त्या दिवशी एका पानाचा गोषवारा मागून घ्या. कोणती औषधे, त्यातल्या डॉक्सोरुबिसिनची आणि ब्लिओमायसिनची एकूण मात्रा किती, किरणोपचार झाले असल्यास शरीराच्या कोणत्या भागावर, इतके त्यात असावे. डॉक्सोरुबिसिनचा हृदयावरचा परिणाम वर्षांनंतरही दिसू शकतो, गळ्यावर किरणोपचार झाले तर थायरॉइड तपासत राहावे लागते, आणि चाळिशीत अपेंडिक्सचे ऑपरेशन ठरले तरी भूल देणाऱ्याला ब्लिओमायसिन घेतल्याचे सांगावे लागते. टाटा मेमोरिअलमध्ये बालपणी कर्करोग होऊन बरे झालेल्यांसाठी असा पाठपुरावा १९९१ पासून चालतो. तुमच्या वयाच्या रुग्णांनी मात्र हा कागद आग्रहाने मागून घ्यावा.

शेवटी घरच्यांनी ठरवलेल्या मौनाविषयी. आईची भीती लग्नाची आहे, हे तुम्ही लिहिले नसले तरी ओळखता येते, आणि आपल्या समाजात ती निराधार नाही. भावकीतल्या सगळ्यांना सांगायलाच हवे असे मी म्हणणार नाही. पण गुडघ्याची सबब केस गळायला लागले की टिकणार नाही, आणि दर पंधरा दिवसांनी केमोला सोबत येणारे, ताप आला तर रात्री दोन वाजता गाडी काढणारे माणूस बाबांखेरीज आणखी एक तरी हवे. आई-बाबांना विचारून, संघातल्या एका मित्राला आधी सांगा. जो बातमी पोटात ठेवू शकतो त्याला, जो सर्वांत जवळचा आहे त्यालाच असे नाही. त्याला प्रश्नांची वही धरायला लावा. तुमच्यासारख्याच अनुभवातून गेलेल्या माणसाशी बोलावेसे वाटले तर इंडियन कॅन्सर सोसायटीचा 'उगम' हा गट आहे. लहानपणी किंवा तरुणपणी कर्करोगातून बरे झालेली मंडळी तो चालवतात. झोप उडाली, कशातच मन लागेना, जगणे नकोसे वाटू लागले, तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर दिवसरात्र मराठीत बोलता येते, आणि तुमच्या कर्करोगतज्ज्ञांनाही ते तितकेच सरळ सांगावे, कारण त्यावरही औषध असते.

पुढच्या भेटीला जाताना वहीच्या पहिल्या पानावर तीनच प्रश्न लिहा: शुक्राणू कोठे आणि कधी गोठवायचे, बायोप्सीचा ब्लॉक मुंबईला पाठवून मत यायला किती दिवस लागतील आणि तोवर केमो थांबवणे सुरक्षित आहे का, आणि रात्री ताप आला तर कोणाला फोन करायचा. कागदपत्रे बाबा पाहतीलच, बाकीचे सगळे दुसऱ्या केमोपर्यंत थांबू शकते.